मधल्या त्या ओळी

१२ जानेवारी

ही वही आमच्या हिने आणलेली. पहिल्या पानावर 'आणायच्या वस्तू' एवढं लिहून तिने सोडून दिली, आणि मग वस्तूही राहिल्या आणि तीही गेली. दोन वर्षं वही कपाटात होती. आज काढली, कारण प्रिंटरने हात वर केले आणि हे सांगायला घरात दुसरं कोणी नाही.

छापखान्यात मी अडतीस वर्षं मुद्रितं तपासली. छापखाना बंद पडला, पण लोकांच्या चुका काही बंद पडल्या नाहीत, म्हणून प्रकाशक अजून घरी काम पाठवतो. पूर्वी कागदांचं बाड यायचं, आता फाइल येते. आणि ऑपरेशननंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलंय, पडद्यासमोर दिवसाला दहा मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही. म्हणून ऑक्टोबरात हा लेझर प्रिंटर घेतला, काळा-पांढरा. टिंबूच्या खोलीत, तिच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवला. टिंबू म्हणजे आमची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती की मी म्हटलं, हे तर नुसतं टिंब. आता चाळिशी गाठली, लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

सध्या पाण्याच्या पंपांची माहितीपुस्तिका हातात आहे. सहाशे चाळीस पानं. दोनशे बारावं पान निघालं आणि यंत्राने दिवा लावला: टोनर कमी आहे. खोक्यावर दीड हजार पानं म्हटलं होतं. सगळी मिळून माझी सातशेही झालेली नाहीत.

१३ जानेवारी

दोन गल्ल्या सोडून कार्ट्रिज भरून देणारं दुकान आहे. चालवणारी बाई पन्नाशीच्या आतबाहेरची, नखं कायमची काळी. मी तिला मनातल्या मनात रिफिलवाली म्हणतो. माझी तक्रार ऐकून ती हसली.

"काका, मशीनबरोबर जे येतं ना, ते अर्धंच भरलेलं असतं. पुरं विकत घ्यावं लागतं."

"खोक्यावर तसं कुठे लिहिलं नव्हतं."

"लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात असतं."

बारीक अक्षर वाचण्याचा मी अडतीस वर्षं पगार घेतला. पुढचं तर त्याहून भारी. ही दीड हजार पानं मोजताना कंपनी असं धरते की पानाचा विसावाच भाग काळा असेल. विसावा भाग म्हणजे काय, पान जवळजवळ कोरंच. माझ्या पंपाच्या एकेका आकृतीत तीन पानांची पावडर जाते. नवं कार्ट्रिज घ्यावं तर प्रिंटरच्या निम्मी किंमत, रिफिलवालीकडून भरून घेतलं तर त्याच्या पाव. शिवाय ड्रम म्हणून एक वेगळा भाग असतो, तो दहा-बारा हजार पानांनी जातो. त्याचं काय, विचारलं तर म्हणाली, तेव्हाचं तेव्हा बघू.

"आणि दिवा लागला म्हणजे लगेच संपलं असं नसतं हो. काढा, आडवं धरा, बाळाला जोजवतो तसं पाच-सहा वेळा हलवा. सेटिंगमध्ये टोनर बचत चालू करा. आणखी बरीच पानं निघतील."

"बचत केली की काय होतं?"

"पावडर कमी सोडतं. काळं जरा उतरतं, पण वाचता येतं. मुळातच फिकट असेल ते उमटेलच असं नाही."

"माझ्याकडे पंप असतात," मी म्हटलं. "पंप फिकट नसतात."

घरी येऊन जोजवलं. बचत चालू केली. दिवा गेला. दोनशे तेरावं पान जरा उतरलेलं आलं, पण वाचता आलं.

१५ जानेवारी

टिंबूचं पत्र. दर दहा-बारा दिवसांनी येतं. फोनवर माझं कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं, त्यामुळे आमचं लिहूनच बरं जमतं. ती पत्र वेगळ्या फाइलमध्ये घालते, आणि ती फाइल न उघडता सरळ छापायची कशी हेही तिनेच शिकवलं, माझे डोळे वाचावेत म्हणून. मी कागदावर वाचतो, हातात पेन्सिल असतेच.

आज चांगलंच झापलंय. लिहिते: 'बाबा, मी दोन-दोन पानं लिहिते आणि तुम्ही माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पाठवता. विचारलेल्याचं उत्तर कधी देत नाही. आमच्या ऑफिसात, उत्तर हवंच असेल ते पिवळ्या अक्षरांत लिहितात. पुढच्या पत्रापासून मीही तसंच करणार. पिवळं दिसलं की उत्तर द्यायचं. पळवाट नाही. तुमची टिंबू.'

आरोप खोटा नाही. उत्तरं देण्याचं खातं हिचं होतं. मी पत्राच्या कडेने चुका काढायचो, ही खाली चार ओळी लिहायची, की पाकीट बंद. हिच्यामागे मी आपलं माझं काम तेवढं करत राहिलो.

पिवळ्याची गंमत अशी की माझ्या यंत्राला रंग कळत नाहीत. पिवळं माझ्याकडे करडं येणार. करडं तर करडं. 'करडं दिसलं की उत्तर द्यायचं' असं चिठ्ठीवर लिहून प्रिंटरला चिकटवलं.

२४ जानेवारी

पत्र आलं, दोन पानं. करडं एक अक्षर नाही. म्हणजे तिला मला काही विचारायचं नाही.

खरं लिहायचं तर वाईट वाटलं. गेले आठ दिवस मी तयारी करत होतो. काहीही विचारलं तरी नीट, विचार करून, निदान पाच-सहा वाक्यांत उत्तर द्यायचं असं ठरवलं होतं. तब्येतीचं विचारेल, जेवणाचं विचारेल, हिच्या साड्यांचं काय केलं ते विचारेल, सगळ्याची उत्तरं तयार होती. मोठ्या तोऱ्यात नियम केला आणि विचारायला काही सापडलं नाही.

पत्रात ऑफिसचं आहे, खिडकीतल्या कुंडीचं आहे. मधेच दोन परिच्छेदांमध्ये चार ओळींची जागा विनाकारण मोकळी सोडलीय. छापखान्यात असं पान आलं असतं तर जुळणी करणाऱ्याला हाक मारली असती. पुढे लिहिते, 'बाकी इकडची परीस्थिती बरी आहे.' चौथीत होती तेव्हापासून हीच चूक. समासात दुरुस्त केलं आणि उत्तरात कळवलं: परिस्थितीतला 'रि' ऱ्हस्व.

जावयांचा उल्लेख नाही. फिरतीवर असतील.

३ फेब्रुवारी

पंप चारशेव्या पानावर. कार्ट्रिज दुसऱ्यांदा जोजवलं. छाप आणखी उतरली आहे, पण जोवर वाचता येतंय तोवर नवं घ्यायचं नाही असा हट्टच धरलाय. प्रकाशक पानामागे जे देतो त्यातलं निम्मं हे यंत्र खातं.

आज एक शब्द मी चुकीचा म्हणून खोडला आणि कोशात बघितलं तर लेखकाचाच बरोबर. खोडलेलं परत हवं असलं की त्या शब्दाखाली टिंबं देतात आणि समासात 'राहू द्या' लिहितात. ही खूण मी आयुष्यात फार थोड्या वेळा वापरली. ही म्हणायची, तुम्हाला खोडायला येतं, राहू द्यायला येत नाही. चेष्टेत म्हणायची. मी तेव्हा हसायचो.

टिंबूचं पत्र काल आलं. पुन्हा करडं काही नाही. मधली मोकळी जागा मात्र वाढलीय, आता सहा ओळींची, दोन ठिकाणी. भिंगातून पाहिलं तर त्या जागेत बारीक बारीक ठिपके दिसतात. ड्रम खराब होत असावा. एवढ्यात त्याचा खर्च नको. मऊ कापडाने पुसून काढला. शेवटी नुसतं 'टिंबू' लिहिलंय, 'तुमची' राहून गेलं. घाईत असेल.

दिवसभरात आज तीन शब्द बोललो. दूध देणाऱ्याला 'उद्या एकच द्या'. प्रिंटर सुरू करताना आतून जी घरघर होते ना, ती हल्ली बरी वाटते. कोणीतरी उठून कामाला लागल्यासारखं वाटतं.

१४ फेब्रुवारी

टिंबूचं पत्र, दीड पान. मधे पुन्हा दोन मोकळ्या जागा, एक चार ओळींची, दुसरी तीन. ठिपके तेच. ड्रमला पुसून काही फरक पडलेला नाही. करडं काही नाही. 'परिस्थिती' बरोबर लिहिली आहे.

१८ फेब्रुवारी

सकाळी टिंबूचा फोन. आपण होऊन केला, म्हणून मी रेडिओ बंद करून खुर्ची ओढून बसलो.

"बाबा, पत्र मिळालं?"

"मिळालं. अक्षर न् अक्षर वाचलं."

"मग?"

"परिस्थिती या वेळी बरोबर लिहिलीस."

यंत्राने शिट्टी मारली, मी ते काढून पुन्हा बसवलं. तोवर ती काहीतरी बोलून गेली होती.

"काय म्हणालीस?"

"तुम्हाला काहीच म्हणायचं नाही का, असं विचारलं."

"आहे ना. मधल्या त्या ओळींबद्दल म्हणायचंय. पण मला इथे धड ऐकू येत नाही. लिहून कळवतो."

"कळवा," ती म्हणाली. "मी वाट बघते."

'वाट बघते' हे ती एरवी म्हणत नाही. दिवसभर बरं वाटत होतं.

दुपारी पडदा मंद करून, अक्षरं मोठी करून उत्तर लिहिलं: 'मधल्या त्या रिकाम्या ओळी यापुढे टाळ. त्यांची काही गरज नसते. पत्राचा ओघ तुटतो आणि माझा कागद वाया जातो. बाकी पत्र छान. प्रकृती ठीक. बाबा.' एकदा वाचून पाहिलं. 'रिकाम्या' हा शब्द जास्तीचा वाटला, ओळी कोणत्या ते तिला कळतंच. तो खोडला आणि पाठवलं. दहा मिनिटांत बसलं.

२७ फेब्रुवारी

टिंबूने ऐकलं. एकच पान, मधे कुठे मोकळी जागा नाही, ओळीला ओळ लागून. हवापाणी, ऑफिस, एका सहकाऱ्याची बदली. चूक एकही नाही. खाली सही नाही, नुसतं पत्र संपतं.

मुद्रितशोधक म्हणून समाधान व्हायला हवं. पेन्सिल हातात घेऊन बसलो आणि कुठेच टेकवता आली नाही. पानाला नाव ठेवायला जागा नाही, आणि तरी ते मला आवडलेलं नाही. का ते सांगता येत नाही.

९ मार्च

पंप संपले. प्रकाशकाने नवं काही दिलेलं नाही. टिंबूचं पत्र नाही. दिवस बरेच झाले.

फोन करावासा वाटला. पण करून बोलायचं काय? ती विचारणार जेवलात का, मी म्हणणार हो, आणि यंत्र शिट्टी मारणार. तिचंही काम असतं. माणसं आपापल्या संसारात असतात, त्यात आपण मधेमधे कडमडू नये, असं ही म्हणायची. की मी म्हणायचो? आता आठवत नाही.

आज प्रिंटरचं चाचणीचं पान छापलं. त्यावर रेघा आणि चौकोन असतात, वाचण्यासारखं काही नसतं. कारण काहीच नव्हतं. पाच-सहा दिवस यंत्र बंद होतं, ती घरघर ऐकायची होती. पान अगदी पुसट आलं.

हल्ली फार एकटं वाटतं. लिहून टाकलं एकदा. ही वही कोणी तपासणार नाही.

१६ मार्च

टिंबूचं पत्र आलं. पाच ओळी, त्याही इतक्या पुसट की खिडकीशी नेऊन वाचाव्या लागल्या. 'एक तारखेला नव्या जागेत आले. एकच खोली आहे, पुरते. पत्ता खाली दिलाय. तुम्ही डोळ्यांचे थेंब वेळेवर घाला. काळजी करू नका.'

एक खोली? दोघांना एक खोली कशी पुरेल? आणि 'आलो' नाही, 'आले' लिहिलंय. वचनाची चूक ती करत नाही. कागद पुन्हा उजेडात धरला, तरी 'आले'च. मग वाटलं, आधी हा टोनर तरी भरून आणू.

कार्ट्रिज पिशवीत घातलं. ड्रमचं दाखवायला टिंबूचं चौदा फेब्रुवारीचं पत्रही घेतलं, घरचा मजकूर दिसू नये म्हणून अशी घडी घातली की फक्त मधली मोकळी जागा वर राहील. रिफिलवालीने ते कामाच्या दिव्याखाली धरलं, तिरकं केलं, भिंग लावलं.

"काका, ड्रमला काही झालेलं नाही. ड्रम घाण असला की ठिपके ठराविक अंतराने वरपासून खालपर्यंत येतात. हे इथेच आहेत, मधल्या भागात."

"मग कशाचे आहेत?"

"ठिपके नाहीतच हे. एका ओळीत आहेत सगळे. ही बघा वरती शिरोरेघ."

तिने भिंग माझ्या हातात दिलं. मी पाहिलं. शिरोरेघ होती. तिच्याखाली पुसट काने होते, वेलांट्या होत्या. एका जागी चार ओळी, दुसऱ्या जागी तीन. मी आयुष्यभर शिरोरेघा बघत आलो.

"पहिला शब्द 'बाबा' लागतोय," ती म्हणाली आणि तिने कागदाची घडी मिटली. "पुढचं मी वाचायचं नाही. बचत चालू होती ना? फिकट उमटत नाही म्हटलं होतं मी. कुठल्या रंगात होतं?"

"पिवळ्या," मी म्हटलं.

तिने माझं कार्ट्रिज ठेवून घेतलं आणि दुसरं भरलेलं हातात दिलं. "हे लावा. बचत बंद करा. परत छापा. बाकीचं नंतर बघू, जा आता."

१६ मार्च, दुपारी

तीन पत्रं पुन्हा छापली. करडं दिसतंय. सगळं दिसतंय. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मला नंतर कधी विसरलो असं म्हणता येणार नाही.

चोवीस जानेवारी: 'बाबा, आम्ही दोघं नोव्हेंबरपासून वेगळे राहतोय. भांडण नाही, पण आता एकत्र होणार नाही. कोणाला सांगितलेलं नाही, पहिल्यांदा तुम्हाला सांगतेय. तुम्हाला राग आला का?'

मी उत्तर दिलं होतं: परिस्थितीतला 'रि' ऱ्हस्व.

दोन फेब्रुवारी: 'तुम्ही काही म्हणाला नाहीत. आई असती तर तिला सांगून मोकळी झाले असते. तुम्हाला सांगताना भीती वाटते, तुम्ही चूक शोधाल म्हणून.' आणि खालच्या जागेत: 'मी चुकले असं वाटतं का तुम्हाला? हो म्हणालात तरी चालेल. पण काहीतरी म्हणा.'

चौदा फेब्रुवारी: 'बाबा, हे घर अठ्ठावीसला सोडायचंय. एकटीने नवी जागा बघायची म्हटलं की अंगातलं बळ जातं. सहा महिने घरून काम करायला ऑफिस तयार आहे.' आणि खाली: 'मी घरी येऊन राहू का? माझी खोली अजून आहे का? एक तारखेच्या आत कळवा.'

त्यावर मी कळवलं. मधल्या त्या ओळी यापुढे टाळ. त्यांची काही गरज नसते. माझा कागद वाया जातो. आणि 'रिकाम्या' हा एक शब्द ज्याने तिला कळलं असतं की बापाला काही दिसलेलंच नाही, तो मी खोडला. जास्तीचा वाटला म्हणून.

ती वाट बघते म्हणाली होती.

मी रडलो. डॉक्टरांनी डोळ्यांवर ताण देऊ नका म्हटलंय, पण याबद्दल ते काही बोलले नव्हते.

१६ मार्च, संध्याकाळी

फोन लावला. लागला, आणि यंत्राने अशी काही शिट्टी धरली की तिचं 'हॅलो'सुद्धा नीट कळेना. मी एवढंच म्हणालो, "टिंबू, लिहितोय, थांब," आणि ठेवला.

करडी पत्रं टेबलावर मांडली आणि लाल पेन घेतलं. तिने विचारलेल्या क्रमाने.

'तुम्हाला राग आला का?' समासात लिहिलं: नाही.

'मी चुकले असं वाटतं का?' इथे बराच वेळ गेला. बरोबर असलेल्या मजकुरावर खूण करायची आमच्यात पद्धतच नाही. बरोबर असेल ते नुसतं सोडून पुढे जायचं. माझं सगळं आयुष्य असंच गेलं, हिच्या बाबतीतही, टिंबूच्या बाबतीतही. जे बरोबर होतं त्याला मी कधी काही म्हटलं नाही. समासात लिहिलं: चूक नाही.

'माझी खोली अजून आहे का?' आहे. तिच्यात प्रिंटर ठेवलाय. काढतो.

'मी घरी येऊन राहू का?' या ओळीखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टिंबं दिली. हात सवयीने समासात गेला आणि लिहून बसला: राहू द्या. मग वाचून पाहिलं. आमच्या धंद्यात याचा अर्थ, जे आहे ते ठेवा, काढू नका. पण तिने हे कसं वाचावं? राहू द्या, म्हणजे नको, जाऊ दे, असंही वाचता येतं. एका शब्दाने एकदा हात पोळले आहेत. ते खोडलं आणि शेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं: राहा

कागदांचे फोटो काढून पाठवले. हेही तिनेच शिकवलेलं, आजवर प्रकाशकाला पंपाच्या आकृत्या पाठवण्यापलीकडे त्याचा उपयोग केला नव्हता. सोबत टाइप केलं: 'तुझ्या मधल्या त्या ओळी माझ्याकडे आज उमटल्या. आधी तिथे कोरं होतं. मी त्या रिकाम्या जागेला नावं ठेवत होतो, तुला नाही. मी टोनर वाचवत होतो.' काही खोडलं नाही. दहा मिनिटांच्या वर बसलो.

१७ मार्च

उत्तर नाही. असं वाट बघणं तिने जवळजवळ दोन महिने केलं. माझा एक दिवस जात नाहीये.

रिफिलवालीकडे जाऊन आलो. तिने स्टूल पुढे सरकवलं आणि चहा मागवला. माझं जुनं कार्ट्रिज झटकून साफ करताना म्हणाली, "काका, यात पावडर अजून होती हो थोडी. उगाच पुरवून पुरवून वापरलीत."

१८ मार्च

सकाळी फाइल आली. छापली. दोनच ओळी असणार हे माहीत नव्हतं, पण माहीत असतं तरी बचत बंदच ठेवली असती. अक्षरं ठसठशीत काळी:

'बाबा, "राहा" पुढचं टिंब राहून गेलंय. शनिवारी घेऊन येते. नव्या जागेचं मग बघू. तुमची टिंबू.'

सोळा तारखेचा कागद काढून पाहिला. खरंच, 'राहा' लिहिलं आणि पुढे पूर्णविराम दिलेलाच नाही. माझी निसटलेली चूक आजवर मला कोणी दाखवली नव्हती.

प्रिंटर उचलून बाहेरच्या खोलीत नेला. जड आहे, दोनदा टेकवावा लागला. टिंबूचं टेबल पुसलं, चिठ्ठी काढून टाकली, तिची खिडकी उघडली. लाल पेन त्या कागदाशेजारीच पडलंय, पण 'राहा' पुढची जागा मी रिकामीच ठेवली आहे.